वजनाच्या औषधांसाठी ऑनलाइन डॉक्टर (अमेरिका): कुणाकडे जायचं, काय बघून ठरवायचं

रानजाई (न्यू जर्सी)

झेपबाउंड, वेगोवी (वजन उतरवायची इंजेक्शनं) यावर इथे आधी धागे झालेत पण ते सगळे औषध घ्यावं की घेऊ नये यावरच अडकले. हा धागा त्याच्या पुढचा. म्हणजे घ्यायचं ठरलंय, पण फॅमिली डॉक्टरची अपॉइंटमेंट लवकर मिळत नाहीये किंवा ते "चालायला जा आणि भात कमी करा" एवढंच सांगून मोकळे होतायत, आणि इकडे फोनवर रो, हिम्स, नूम, वेट वॉचर्स, लाइफएमडी आणि नावं न ऐकलेल्या ढीगभर कंपन्यांच्या जाहिराती येतायत. मी स्वतः टेलिहेल्थवरून (म्हणजे ऑनलाइन डॉक्टरकडून) झेपबाउंड घेतेय, ओळखीतल्या बऱ्याच जणींना फॉर्म भरायला मदत केलीये, त्यातून जे कळलं ते लिहिते. मी डॉक्टर नाही, कुठल्या कंपनीची रेफरल लिंकही देणार नाहीये.

सगळ्यात आधी हे बघा की ती कंपनी नेमकं कुठलं औषध देते. यात दोन प्रकार आहेत आणि जाहिरातीत ते मुद्दाम एकमेकांत मिसळलेले असतात. पहिला प्रकार, मूळ औषध लिहून देणारे: वेगोवी (नोवो नॉर्डिस्कचं सेमाग्लुटाइड, वजनासाठी २०२१ ला मान्यता) किंवा झेपबाउंड (इलाय लिलीचं टिर्झेपटाइड, नोव्हेंबर २०२३). दुसरा प्रकार कंपाउंडेड, म्हणजे तेच घटकद्रव्य कंपाउंडिंग फार्मसीत मिसळून बाटलीत भरून देतात. २०२२ पासून या औषधांचा तुटवडा होता म्हणून कंपाउंडिंगला मोकळीक होती. टिर्झेपटाइडचा तुटवडा संपल्याचं एफडीएने (औषधांना मान्यता देणारं इथलं सरकारी खातं) डिसेंबर २०२४ मधे जाहीर केलं आणि सेमाग्लुटाइडचा फेब्रुवारी २०२५ मधे, त्यानंतर सरसकट कॉपी करायला परवानगी राहिली नाही. तरी "तुमच्यासाठी खास डोस", "बी१२ घातलेलं" असं म्हणून विक्री चालूच आहे. आणि हे लक्षात घ्या की कंपाउंडेड औषध एफडीएने तपासून मान्य केलेलं नसतं. जाहिरातीत "एफडीएची मान्यता असलेलं घटकद्रव्य" असं लिहिलेलं दिसलं की समजायचं की हा दुसरा प्रकार आहे.

आता पैसे. जाहिरातीत एक आकडा असतो, कार्डावर दुसराच लागतो. बऱ्याच ठिकाणी मेंबरशिप वेगळी आणि औषध वेगळं, आणि मेंबरशिपचाही पहिल्या महिन्याचा दर वेगळा, पुढचा वेगळा. शिवाय डोस वाढत जातो हे कुणी सांगत नाही. वेगोवी ०.२५ मिलिग्रॅमपासून सुरू होऊन दर चार आठवड्यांनी चढत सहसा २.४ पर्यंत जातं, झेपबाउंड २.५ पासून सुरू होऊन कमीत कमी चार आठवड्यांच्या टप्प्याने १५ पर्यंत जाऊ शकतं. त्यामुळे सुरुवातीच्या डोसचा भाव विचारून उपयोग नाही, तुम्ही जिथे स्थिरावणार त्या डोसचा भाव विचारा, मेंबरशिप धरून, आणि एका वर्षाचा हिशोब मांडा.

बऱ्याच जणांना हे माहीतच नसतं की मधल्या कंपनीशिवायही काम होतं. लिलीने लिलीडायरेक्ट (कंपनीकडून थेट औषध घ्यायची सोय) जानेवारी २०२४ ला सुरू केलं, त्याच वर्षी ऑगस्टमधे झेपबाउंडच्या साध्या बाटल्या (पेन नाही, सिरिंजने ओढून घ्यायच्या) विकायला काढल्या. डिसेंबर २०२५ पासून त्यांचे महिन्याचे दर २.५ ला २९९ डॉलर, ५ ला ३९९, त्याच्या वरच्या सगळ्या डोसना ४४९ असे झाले. अट एकच, वरच्या डोसचा हा दर टिकवायला मागची डिलिव्हरी आल्यापासून ४५ दिवसांत रिफिल घ्यावं लागतं, नाहीतर दर चढतो. नोवोचं तसंच नोवोकेअर मार्च २०२५ मधे ४९९ ने सुरू झालं, नोव्हेंबरमधे ते ३४९ वर आलं. वेगोवीची गोळी डिसेंबर २०२५ ला मान्य झाली, तिचा सुरुवातीचा डोस १४९ पासून आहे. या दोन्ही ठिकाणी तुमचा स्वतःचा डॉक्टरसुद्धा प्रिस्क्रिप्शन पाठवू शकतो. तसं झालं तर मेंबरशिपचा एक पैसा लागत नाही. तेव्हा टेलिहेल्थला पैसे द्यायच्या आधी आपल्या डॉक्टरला पोर्टलवर एक मेसेज टाकून बघा. माझ्या दोन मैत्रिणींचं काम तेवढ्यावरच झालं.

आणि शेवटचं, जे मी सगळ्यात आधी तपासते: फॉर्म तुम्हाला काय विचारतो. घरात कुणाला मेड्युलरी थायरॉइड कॅन्सर किंवा मेन२ (ग्रंथींना गाठी होणारा आनुवंशिक आजार) आहे का, स्वादुपिंडाला कधी सूज आली होती का, पित्ताशयात खडे, इन्सुलिन किंवा शुगरच्या गोळ्या चालू आहेत का, दिवस राहायचा विचार आहे का. झेपबाउंडमुळे गर्भनिरोधक गोळ्यांचा असर कमी होऊ शकतो, सुरुवातीला आणि प्रत्येक वेळी डोस वाढला की चार आठवडे दुसरी काळजी घ्यायची असते. हे ज्या फॉर्ममधे विचारलं नाही, ज्यांनी हे सांगितलं नाही, तिथे दर कितीही कमी असला तरी मी कुणाला पाठवणार नाही.

पिट्सबर्गकर

छान आणि गरजेचा धागा. इन्शुरन्सबद्दल भर घालतो कारण त्यातच माझं डोकं सगळ्यात जास्त पिकलंय. तुमच्याकडे कुठल्या कंपनीचं कार्ड आहे याने ठरत नाही, तुमच्या एम्प्लॉयरने प्लॅनमधे वजनाची औषधं घेतलीत की वगळलीत याने ठरतं. मोठ्या कंपन्या बऱ्याचदा क्लेमचे पैसे स्वतःच भरतात, त्यामुळे एकाच इन्शुरन्सची कार्डं असलेल्या दोन शेजाऱ्यांपैकी एकाला पंचवीस डॉलरला मिळतं आणि दुसऱ्याला मिळतच नाही. वगळलेलं असेल तर डॉक्टरने कितीही पत्रं लिहिली तरी अपील चालत नाही, तिथे एचआरला लिहायचं, पुढच्या ओपन एनरोलमेंटच्या (दरवर्षी प्लॅन निवडायच्या मुदतीच्या) आधी, आणि चारपाच जणांनी मिळून लिहायचं.

घेतलेलं असेल तर प्रायर ऑथरायझेशन (इन्शुरन्सची आधी घ्यायची मंजुरी) लागतं, आणि टेलिहेल्थची मेंबरशिप देण्यात अर्थ असेल तर तो इथे आहे, कारण रो, वेट वॉचर्स क्लिनिक वगैरेंकडे ती कागदपत्रं करणारी माणसं असतात. कॅश देऊनच घेणार असाल तर मग त्या मेंबरशिपमधे तुम्हाला नेमकं काय मिळतंय हे स्वतःला विचारा.

अजून एक. सीव्हीएस केअरमार्कने (इन्शुरन्स प्लॅनसाठी औषधांची यादी सांभाळणारी कंपनी) जुलै २०२५ पासून त्यांच्या मुख्य यादीतून झेपबाउंड काढलं आणि वेगोवी ठेवलं. सुरळीत चाललेल्या लोकांना मधेच औषध बदलावं लागलं. त्यामुळे आज यादीत आहे म्हणजे पुढच्या वर्षी असेलच असं धरू नका. जॉब बदलणार असाल, एच१बीवर असाल आणि ट्रान्सफर चालू असेल, तर नवीन ठिकाणचा प्लॅन आधीच मागून घ्या.

निळाई (सॅन होजे)

मला वेगळीच अडचण आहे. माझा बीएमआय २६ आहे, ए१सी (तीन महिन्यांच्या सरासरी शुगरची टेस्ट) ६.१, आईला आणि मामाला दोघांना डायबेटिस. दोन ठिकाणी फॉर्म भरला, दोन्हीकडून "तुम्ही पात्र नाही". तिसऱ्याने काहीही न विचारता लगेच कंपाउंडेडचं बिल पाठवलं!! त्याला हो म्हणू का? मैत्रीण म्हणाली वजन आठ पाउंड वाढवून टाक, कोण बघतंय.

गोदाकाठ (ह्यूस्टन)

निळाई, थांबा. मी फार्मासिस्ट आहे, नाशिकला बी.फार्म. करून मग इकडची परीक्षा दिली, रिटेलमधे बरीच वर्षं झाली. वजन वाढवून अजिबात लिहू नका. एक तर मेडिकल रेकॉर्डमधे खोटं जातं आणि उद्या पित्ताशयाचं दुखणं घेऊन इमर्जन्सीत गेलात तर डॉक्टर त्याच खोट्या आकड्यावरून विचार करतील. दुसरं म्हणजे मंजूर झालेलं औषध नंतर इन्शुरन्सच्या तपासणीत नाकारलं जाऊ शकतं.

आणि ज्याने काही न विचारता बिल पाठवलं त्याच्याकडून औषध घेऊ नका. मला काय दिसतं ते सांगतो म्हणजे कळेल. कंपाउंडेडच्या बाटलीवर लिहिलेलं असतं समजा एका मिलिलीटरमधे २.५ मिलिग्रॅम. तुम्हाला घ्यायचंय ०.२५ मिलिग्रॅम, म्हणजे ०.१ मिलिलीटर, म्हणजे इन्सुलिनच्या सिरिंजवर १० ची रेघ. पुढच्या महिन्यात कंपनीने फार्मसी बदलली, नवी बाटली आली एका मिलिलीटरला ५ मिलिग्रॅमची. बाटली तेवढीच, झाकण तसंच, तुम्ही सवयीने १० च्या रेघेपर्यंत ओढलं की डोस दुप्पट झाला. आमच्या काउंटरवर लोक येतात बाटली घेऊन, डॉक्टरने मिलिग्रॅममधे सांगितलंय, ॲपवर युनिट लिहिलंय, सिरिंजवर तिसरंच, आणि ज्याने औषध पाठवलं त्याचा चॅट बंद. एफडीएने जुलै २०२४ मधे याच गोंधळाबद्दल इशारा दिला होता, काही लोकांनी ठरलेल्या डोसच्या पाच ते वीस पट औषध टोचून घेतलं होतं आणि उलट्यांनी हॉस्पिटलात जायची वेळ आली होती. लिलीच्या बाटलीत असं होत नाही कारण ती एका वेळेची असते, डोस कुठलाही असो ओढायचं ०.५ मिलिलीटरच.

कुणाला कंपाउंडेडच घ्यायचं असेल, ॲलर्जी वगैरे खरं कारण असेल, तर फार्मसीचं नाव आणि राज्य आधी विचारा, सांगत नसतील तर विषय संपला. सांगितलं तर त्या राज्याच्या बोर्ड ऑफ फार्मसीच्या साइटवर लायसन्स आणि आधीच्या कारवाया दिसतात. डॉक्टरचंही तसंच, तुम्ही ज्या राज्यात बसलाय तिथलं लायसन्स त्याच्याकडे असावं लागतं. नाव सांगत नसेल, फक्त "आमची मेडिकल टीम" असं असेल, तर प्रिस्क्रिप्शनवर कुणाची सही आहे ते विचारा.

रानजाई

गोदाकाठ, इतकं नीट लिहिल्याबद्दल मनापासून आभार, हे वर चिकटवून ठेवायला हवं.

निळाई, तुझं म्हणणं खोटं नाहीये गं. इथे ही औषधं द्यायला सहसा बीएमआय ३० किंवा बीपी, कोलेस्टेरॉल असं काही सोबत असेल तर २७ धरतात, आणि ते सगळ्यांना सारखंच लावतात. आपल्याकडे भारतीयांसाठी २३ च्या वर जास्त वजन आणि २५ पासून लठ्ठपणा धरतात, ते उगाच नाही. पुण्याच्या केईएम हॉस्पिटलचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि लंडनचे डॉ. जॉन युडकिन यांनी २००४ मधे लॅन्सेटमधे स्वतःचाच फोटो छापला होता, दोघांचाही बीएमआय २२.३, पण युडकिनच्या अंगात चरबी ९.१ टक्के आणि याज्ञिकांच्या २१.२ टक्के. आपण बारीक दिसतो आणि आत चरबी असते, पोटात, लिव्हरवर. ऑनलाइन फॉर्मला हे कळत नाही, त्याला फक्त उंची आणि वजन कळतं. म्हणून तुझ्यासारख्या केसमधे टेलिहेल्थ ही जागाच नाही असं मला वाटतं. तू सरळ एंडोक्रायनॉलॉजिस्टकडे (हार्मोन्स आणि डायबेटिसचे तज्ज्ञ) जा, नाहीतर फॅमिली डॉक्टरला सांग की अमेरिकन डायबेटिस असोसिएशन आशियाई लोकांची बीएमआय २३ पासूनच शुगर तपासायला सांगते, लिव्हरचीही तपासणी मागून घे, मेटफॉर्मिनबद्दल (शुगरची गोळी) विचार. ए१सी ६.१ आणि घरात डायबेटिस हे फार महत्त्वाचं आहे, ते नीट बघणारं माणूस हवं, बिल पाठवणारं नको.

माळरान (डॅलस)

मेंबरशिप बंद करण्याबद्दल कुणीच लिहिलं नाही म्हणून लिहितोय. मी ज्या कंपनीकडे होतो (नाव नको) तिथे सुरू करायला पाच मिनिटं लागली आणि बंद करायला फोन, मग चॅट, मग "तीन महिन्यांचा प्लॅन आहे, औषध रवाना झालंय, रिफंड नाही". मला मळमळ इतकी व्हायची की ऑफिसात बसवत नव्हतं, तरी डोस वाढवलेलं पार्सल आपोआप येत राहिलं. कुणी विचारलंच नाही की आधीचा डोस पचला का. माझं सगळ्यांना कळकळीचं सांगणं आहे की एकदम तीन किंवा सहा महिन्यांचे पैसे भरू नका, कितीही स्वस्त दिसलं तरी. पहिल्या दोन महिन्यांत तुम्हाला हे झेपतंय की नाही तेच कळायचं असतं.

आणि सुरू करायच्या आधीच चॅटवर एक प्रश्न टाकून बघा, रात्री पोटात जोरात दुखायला लागलं तर मी कुणाला फोन करू? उत्तर किती वेळात येतं आणि कोण देतं त्यावरून सगळं कळतं.

गोदाकाठ

माळरान, अगदी बरोबर. त्या प्रश्नाचं माझ्याकडचं उत्तरही लिहून ठेवतो. पोटात वरच्या बाजूला जोरात, न थांबणारं दुखणं, पाठीत जाणारं, सोबत उलट्या, तर ॲपवर मेसेज टाकून वाट बघत बसायचं नाही, सरळ इमर्जन्सीत जायचं, आणि तिथे पोचल्यावर पहिल्यांदा हे औषध चालू आहे ते सांगायचं. ऑनलाइन घेतलेलं औषध तुमच्या फॅमिली डॉक्टरच्या यादीत आपोआप जात नाही. लोक लाजेने सांगत नाहीत. ऑपरेशन किंवा एंडोस्कोपी ठरली असेल तर भूल देणाऱ्यांना आधी सांगणं फार फार गरजेचं आहे, कारण पोट हळू रिकामं होतं.

सदाशिव३० (पुणे)

इकडचं थोडं लिहितो, अवांतर वाटलं तर सांगा. भारतात मौंजारो (हेही टिर्झेपटाइडच) मार्च २०२५ मधे आलं, वेगोवी जूनमधे, आणि मार्च २०२६ मधे सेमाग्लुटाइडचं पेटंट संपल्यावर आपल्या कंपन्यांची जेनेरिक आली. त्यामुळे आता इथेही ॲपवरून "घरबसल्या इंजेक्शन" सुरू झालंय. टेलिमेडिसिनचे नियम मार्च २०२० पासून आहेत, त्यात प्रिस्क्रिप्शनवर डॉक्टरचा रजिस्ट्रेशन नंबर असायलाच हवा, तो महाराष्ट्र मेडिकल कौन्सिलच्या यादीत बघता येतो, बघा. माझ्या बहिणीला जिममधल्या ट्रेनरने पेन आणून देतो म्हणून सांगितलं होतं, बिल नाही, बॅच नंबर नाही, फ्रीजमधे होतं की गाडीच्या डिकीत ते देव जाणे. तिला सरळ एमडी डॉक्टरकडे नेलं.

माझा प्रश्न असा की तिकडचे बरेच जण आता विचारतात, इथून जेनेरिक घेऊन जाऊ का. काय सांगू त्यांना?

गोदाकाठ

सदाशिव, नाही म्हणून सांगा. तिथलं जेनेरिक इथे एफडीए मान्य नाही, ते इकडे आणणं कायद्याच्या चौकटीत बसत नाही, कस्टम्सवाले अडवू शकतात, आणि काही झालं तर इथला डॉक्टर त्या पेनबद्दल काही सांगू शकणार नाही. उलट दिशेने, म्हणजे इथलं औषध घेऊन सुट्टीला भारतात जायला काही अडचण नसते, फक्त हॅन्डबॅगेत ठेवा, प्रिस्क्रिप्शनचं लेबल असलेला खोका टाकून देऊ नका. फ्रीजबाहेर झेपबाउंड ३० डिग्रीच्या आत २१ दिवस चालतं, वेगोवीचं पेन २८ दिवस. पण मे महिन्यात जळगाव, अकोल्याला घरातसुद्धा ३० च्या आत नसतं हे आपल्याला माहीत आहे, तेव्हा उतरल्याउतरल्या फ्रीजमधे, आणि फ्रीजरला चिकटेल असं ठेवू नका, एकदा गोठलं की फेकायचं. आणि तुमचा टेलिहेल्थ डॉक्टर तुम्ही भारतात असताना तुम्हाला सल्ला द्यायला बांधील नसतो, बऱ्याचदा त्याला परवानगीच नसते. जायच्या आधीच बोलून घ्या, सुट्टीच्या तोंडावर डोस वाढवू नका.

शेवंती (एडिसन)

मी इथे नुसतं वाचत असते पण आज लिहावंसं वाटलं. सगळे दर आणि कंपन्या बोलतायत, खाण्याबद्दल कुणाकडेच नीट मदत नाही. मला ज्या डाएटिशियनशी जोडून दिलं तिने अंडी, चिकन, टर्की लिहून दिलं, मी शाकाहारी आहे म्हटलं तर टोफू आणि प्रोटीन बार. या औषधाने भूक इतकी जाते की पोळीचा अर्धा तुकडा आणि चमचाभर भाजी खाऊन पोट भरतं, मग प्रोटीन जाणार कुठून. माझे केस गळायला लागले, जिना चढताना पाय दुखायचे. शेवटी मीच बसवलं, ताटात आधी मोडाची मटकी किंवा पनीर, मग भाजी, पोळी सगळ्यात शेवटी जमली तर. दुपारी घट्ट वरणाची वाटी, दह्याच्या जागी ग्रीक दही, ताक सारखं. चतुर्थी, एकादशीला साबुदाणा खिचडी खाल्ली की दुसऱ्या दिवशीपर्यंत पोट जड राहायचं, उलटीची भावना यायची, आता उपास करायचा तर दाण्याची आमटी आणि पनीर एवढंच. आणि वजन उचलायचे व्यायाम, ते मात्र चुकवत नाही.

रानजाई

शेवंतीताई, बरं झालं लिहिलंत, हे कुठल्याच जाहिरातीत सापडत नाही. आपल्याकडे मुळात स्नायू कमी आणि त्यात या औषधाने खाणंही कमी, म्हणून कंपनी निवडताना "शाकाहारी भारतीय जेवण समजणारं कुणी आहे का" असं स्पष्ट विचारायला काहीच हरकत नाही. नसेल तर मेंबरशिपमधल्या डाएटिशियनचे पैसे वाचवून बाहेर आपलं माणूस शोधा, बरेच इन्शुरन्स प्रीडायबेटिसला डाएटिशियन देतात.

पिट्सबर्गकर

किती दिवस घ्यायचं याबद्दल कुणी बोललं नाही. मला कंपनीने "सहा महिन्यांचा प्रोग्रॅम" असं सांगितलं होतं.

गोदाकाठ

सहा महिने हा त्यांच्या बिलिंगचा कालावधी आहे, औषधाचा नाही. वेगोवीच्या मोठ्या चाचणीत ६८ आठवड्यांत सरासरी १४.९ टक्के वजन उतरलं होतं, आणि त्यातल्याच काही लोकांनी औषध थांबवल्यावर वर्षभरात उतरलेल्यातलं दोन तृतीयांश परत आलं. टिर्झेपटाइडच्या सगळ्यात वरच्या डोसला ७२ आठवड्यांत २०.९ टक्के उतरलं होतं, तिथेही थांबवलं की चढतंच. त्यामुळे सही करायच्या आधी विचारा की वजन उतरल्यावर पुढे काय, कमी डोसवर ठेवणार का, तेव्हा दर काय, आणि थांबवायचं झालं तर कसं. याला ज्यांच्याकडे उत्तर नाही त्यांना तुमची काळजी पहिल्या सहा महिन्यांपुरतीच आहे.

निळाई

सगळ्यांचे खूप खूप आभार. ते बिल कॅन्सल केलं. स्टॅनफर्डच्या एंडोक्रायनॉलॉजीत पुढच्या महिन्यातली तारीख मिळाली, कॅन्सलेशन लिस्टवरही नाव टाकलंय. जाताना आईच्या आणि मामाच्या शुगरचे जुने रिपोर्ट न्यावे का?

गोदाकाठ

न्या. दोघांना कितव्या वर्षी निघाली ते कागदावर लिहून न्या, आणि तुमचे मागचे सगळे ए१सी तारखेसकट.